बारीक माणसाच्या रक्तातली चरबी

आमच्या पिंपळवंडीत अंगानं बारीक असलेला माणूस निरोगीच, हे ठरूनच गेलेलं आहे. रक्त तपासायचं ते पोट सुटलेल्यांनी. माझं वजन ५८ किलो, थोरले दादा जवळजवळ माझ्या दीडपट. आळेफाट्याला दोघांनी एकाच सकाळी रक्त दिलं, तेही दादांना सुईची भीती वाटते आणि सोबतीला कुणीतरी हवं म्हणून. थोड्या वेळानं लॅबमधल्या पोरानं मलाच आत बोलावलं आणि नळी दाखवली. खाली गोठलेलं काळपट रक्त, आणि वर जिथं पिवळसर स्वच्छ पाणी दिसायला हवं, तिथं दुधात पाणी ओतल्यासारखं पांढुरकं. "काका, खाऊन आलात का?" खाल्लं नव्हतं. ट्रायग्लिसराइड ४६२ निघालं. उपाशीपोटी ते १५०च्या आत असावं. दादांचं होतं १३८.

माझ्या रिपोर्टात एलडीएलच्या, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलच्या, रकान्यात आकडाच नव्हता. छापायचा राहिला असेल असं वाटलं. पण बऱ्याच ठिकाणी एलडीएल मोजत नाहीत, बाकीच्या आकड्यांवरून गणितानं काढतात, आणि ट्रायग्लिसराइड ४००च्या वर गेलं की ते गणित चुकतं. असा रिकामा रकाना दिसला तर एलडीएल थेट मोजून घ्यावं.

घरी दादांचं फर्मान निघालं: याच्या भाजीत तेलाचा थेंब नको. आमची चूल एक. मासवडी झाली तरी दोघांच्या ताटात सारखी, किंबहुना त्यांच्या ताटात एक वडी जास्तच. तरी शिक्षा मला. बिनतेलाच्या आमटीवर बरेच दिवस काढले आणि पुढच्या तपासणीत आकडा जरासा हलला, इतकंच. नारायणगावच्या डॉक्टरांनी तेलाचं विचारलंच नाही. विचारलं ते चहाचं. आमचा उसाचा पट्टा, चहात साखर घालताना इथं कुणाचा हात आखडत नाही. मळ्यात मजुरांबरोबर एक, सोसायटीत एक, कुणाच्या दारात गेलं की एक. "गुळाचा घेतला तर?" वहिनींनी विचारलं. गूळ यकृताला साखरेसारखाच. मग डॉक्टरांनी आवाज खाली आणून 'बसण्या'बद्दल विचारलं, तेव्हा वहिनी बाहेर गेल्या. दारूनंही ट्रायग्लिसराइड वाढतं, आणि ज्याचं मुळात जास्त असतं त्याचं जास्तच वाढतं.

इथं थोडं रसायन समजून घ्यावं लागतं. रक्तातल्या मेदाम्लांचं मूळ एकच नसतं. लिनोलेइक आम्ल शरीराला बनवताच येत नाही, ते ताटातूनच येतं. रक्तात ते भरपूर दिसलं तर घरात सूर्यफूल, करडई किंवा सोयाबीनचं तेल चालतंय असं बहुधा समजावं. पामिटिक आम्लाचं तसं नाही. ते पामतेलात, तुपात, मटणात असतंच. पण जादा साखरेपासून यकृत जी चरबी तयार करतं, तिच्यातही मुख्यतः तेच असतं. तेलाला न शिवणाऱ्याच्या रक्तातही ते वाढतं ते असं. त्यात पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठलेली चरबी सतत मेदाम्लं सोडत असते. ती यकृताकडं जातात आणि यकृत त्यांची ट्रायग्लिसराइडं बांधून पुन्हा रक्तात सोडतं. इन्सुलिन नीट काम करत असेल तर जेवणानंतर हा पुरवठा आटतो. ते बिघडलं की चालूच राहतो.

पण बारीक माणसात ही चरबी आली कुठून? याचं उत्तर आपल्या पुण्यातच शोधलं गेलंय. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोघांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये चक्क स्वतःचेच फोटो छापले. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. याज्ञिकांच्या गटानं १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ची, पण आपल्या बाळांमध्ये कमी होतं ते स्नायू, चरबी तितकी कमी नव्हती. त्यामुळं वजनकाट्यावर विसंबू नका, टेप घ्या. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईची ८०च्या वर नको. माझे हातपाय काटक्या, कंबर ९४. सदऱ्याखाली कुणाला दिसलं नाही.

जनुकांचंही पुण्याशी नातं आहे. २०१६मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी पुण्यातल्या बहुतांश शाकाहारी असलेल्या २३४ जणांची तपासणी प्रसिद्ध केली. वनस्पतीतल्या लिनोलेइकपासून ॲराकिडोनिक आम्ल झपाट्यानं बनवणारं एफएडीएस२ जनुकाचं रूप, आई आणि बाप दोघांकडून आलेलं, ६८ टक्के जणांत सापडलं; अमेरिकी गटात १८ टक्के. पिढ्यानपिढ्या डाळ-भाकरीवर जगलेल्यांच्या ते कामाचंच. पण आता लिनोलेइकनं भरलेली तेलं डब्यानं येतात, आणि ॲराकिडोनिक आम्लापासून दाह वाढवणारे पदार्थ बनतात, असा त्या संशोधकांचा इशारा. म्हणून करडई फेकून द्यायची का? मला तसं वाटत नाही. तूप-पामतेलाच्या जागी असं तेल आलं तर एलडीएल कमी होतं, हेही तितकंच खरं. आमच्याकडं आता शेंगदाण्याचं घाण्याचं तेल आहे, तेही मोजून, आणि भाकरीबरोबर जवसाची चटणी. जवसात ओमेगा-३ भरपूर असतं. मात्र चटणीनं ४६२ उतरत नाही. माझं उतरलं ते बिनसाखरेच्या चहानं, बैठका बंद झाल्यानं आणि मळ्यात गाडीऐवजी पायी जाऊन.

तपासणीला जाताना दहा-बारा तास पोटात पाण्याशिवाय काही नको, आणि जत्रेच्या दुसऱ्या दिवशी तर जाऊच नका. आकडा जास्त आला तर साखर आणि थायरॉईडही बघा, त्यांच्या बिघाडानंही तो चढतो. ५००च्या पुढं, आणि हजाराकडं जाईल तसं अधिकच, स्वादुपिंडाला सूज यायची भीती असते. असा रिपोर्ट असताना पोटात जीवघेणी कळ आली तर ओवा-सोडा चघळत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

आता दादांचं. १३८ वाचून त्यांनी मिशीवर हात फिरवला, खालची ओळ वाचलीच नाही. एलडीएल २०४. वडील पन्नाशीच्या आत छातीत दुखून गेले होते. काही घराण्यांत एलडीएल जन्मापासूनच चढं असतं, साधारण अडीचशे माणसांत एकाचं, आणि आई किंवा बाप कुणाचंही असेल तर प्रत्येक मुलात उतरायची शक्यता निम्मी. तिथं पथ्य पुरत नाही, गोळी लागते, आणि मुलांचं रक्त लवकर तपासावं लागतं. दादांनी गोळी सुरू केलीय. त्यांचा मुलगा चाकणला कंपनीत असतो, म्हणतो मी रोज जिमला जातो, मला कशाला. द्राक्षाची तोडणी उरकली की वहिनी त्याला स्वतः लॅबमध्ये नेणार आहेत.