सेन्सर बसवण्याआधी

लेका, ओम्नीचं इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल जोडून बग्गी उभी केलीस, झकास. आता स्पीडोमीटरचा सेन्सर लावायचाय ना? मग आधी गाडीखाली आडवा हो आणि काय कशाबरोबर हलतं ते बघ. पाट्यांवरचा ॲक्सल खड्ड्यात वर-खाली होतो, चासी होत नाही. प्रोपेलर शाफ्टच्या मागच्या फ्लँजचे बोल्ट मोजायचे असतील, तर ब्रॅकेट डिफरन्शियलच्या हाउसिंगवरच घ्यायचा. चासीवरून पट्टी सोडलीस तर पहिल्याच गतिरोधकाला सेन्सरचं तोंड फुटेल. हाउसिंगला भोक मात्र पाडू नकोस, त्याच्याच एखाद्या बोल्टखाली ब्रॅकेट धर. पत्रा जाड आणि आखूड हवा. लांब पट्टी थरथरते, काटा नाचतो आणि पोरं मीटर बदलत बसतात.

कारखान्यात मशीनवर असतो तो तीन तारांचा प्रॉक्सी सेन्सर घे. तपकिरी प्लसला, निळी अर्थला, काळी मीटरला. मीटरला एनपीएन लागतो की पीएनपी, ते घेण्याआधी बघ. त्याला लोखंड आपोआप दिसतं, चुंबक चिकटवायला नको. 2 मिमीवरून ओळखणारा असेल तर फीलर गेज लावून 1 मिमी अंतर ठेव, पण शाफ्ट पूर्ण फेरा फिरवून. सगळी बोल्टडोकी सारखी उंच नसतात. सेन्सरच्या पाठीवरचा दिवा प्रत्येक बोल्टाला लागला पाहिजे आणि मधे विझला पाहिजे. विझत नसेल तर तो फ्लँजच बघतोय.

आकड्यांसाठी टायरला खडूची खूण कर, कुणालातरी सीटवर बसव आणि चाकाचे दहा फेरे होईतो गाडी ढकल. 17 मीटर भरले तर एका फेऱ्याला 1.7, म्हणजे किलोमीटरला 588 फेरे. क्राउन-पिनियनचं गुणोत्तर 5 आणि बोल्ट 4 धरले, तर सुमारे 11,760 ठोके. गुणोत्तर अंदाजाने लिहू नकोस, दात मोज.

एक चाक जॅकवर घेऊन मीटर जुळवू नकोस. दुसरं चाक थांबलेलं असलं की डिफरन्शियल मोकळ्या चाकाला दुप्पट फिरवतं आणि मीटर निम्माच वेग दाखवतो. वायर प्लगच्या वायरींपासून आणि सायलेन्सरपासून लांब ने, ॲक्सल पूर्ण खाली लटकला तरी ताणणार नाही एवढी ढील ठेव. शेवटी मोकळ्या मैदानात मोबाइलच्या जीपीएसशी वेग ताडून बघ, टायरमध्ये नेहमीची हवा भरूनच.