कोकम आगळ, स्ट्रॉ आणि प्रकाशाची रसायनं

स्कोफिल्ड्सला आमच्या फ्रिजमध्ये कोकम आगळाची बाटली कायम असते. परवा लेकीने आगळाच्या पेल्यामागे टॉर्च धरला, तर उजेड आरपार जाईना. तेच आगळ पारदर्शक स्ट्रॉमध्ये ओढलं, तर लालभडक चमकलं. माझं निम्मं संशोधन तिला तिथेच कळलं!

प्रकाशाने घडणाऱ्या अभिक्रियांची अडचण हीच. द्रावणातला रंगीत पदार्थ प्रकाश वाटेतच गिळतो. अशा कामात नेहमी लागणाऱ्या रुथेनियमच्या नारिंगी उत्प्रेरकाचं लिटरला एक मिलिमोल इतकं पातळ द्रावण घेतलं, तरी ९० टक्क्यांहून जास्त निळा प्रकाश पहिल्या मिलिमीटरभरातच संपतो. मग फ्लास्क केवढाही घ्या, काम होतं ते काचेलगतच्या थरात. बाकीचं द्रावण अंधारात ताटकळतं. पीएचडी करताना मी हौसेने दहापट मोठा फ्लास्क लावला होता. तीन दिवसांनीही निम्मा कच्चा माल तसाच! आणि जे तयार झालं होतं, ते पुन्हा पुन्हा उजेडात येऊन बिघडत होतं.

उपाय स्ट्रॉचाच. २००५ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठात केव्हिन बुकर-मिलबर्न आणि सहकाऱ्यांनी अतिनील दिव्याभोवती फ्लोरोपॉलिमरची पारदर्शक नळी गुंडाळली आणि पंपाने तिच्यातून द्रावण सोडलं. नळी अरुंद, त्यामुळे सगळ्या द्रावणाला उजेड मिळतो आणि काम झालं की ते बाहेर पडतं. जास्त माल हवा? मोठं भांडं नको, पंप चालू ठेवा.

२०१२ मध्ये जर्मनीत पीटर सीबर्गर आणि फ्रान्स्वा लेव्हेक यांनी याच पद्धतीने मलेरियावरचं आर्टेमिसिनिन बनवलं. ज्या वनस्पतीतून हे औषध काढतात, तिच्यातच आर्टेमिसिनिक आम्लही असतं. त्यात आधी हायड्रोजन जोडायचा, मग नळीत प्रकाश आणि ऑक्सिजनची गाठ घालून द्यायची. नळीत वायू आणि द्रव छान मिसळतात. शिवाय मधली पेरॉक्साइडं स्फोटक असू शकतात; नळीत ती एका वेळी थोडीच असतात, हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

दिवा मात्र तोच असेल, तर फोटॉनही तेवढेच. नळी नवे फोटॉन आणत नाही, आहेत ते वाया घालवत नाही, एवढंच.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अमोल कुलकर्णी यांचं काम अशाच वाहत्या, छोट्या अभिक्रियापात्रांवर आहे. २०२० चा भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला. तिकडेही स्फटिक नळीत अडकत असणारच. माझी नळी गेल्या आठवड्यात तुंबली, ती साफ करण्यात अख्खी दुपार गेली.