परक्या देशातलं घर आणि वीज : जोहान्सबर्गचे अनुभवाचे बोल

पुण्याहून नोकरीसाठी जोहान्सबर्गला आलेलं कुटुंब जरा स्थिरावलं की मला फोन येतो, "ताई, सोलर बसवून घ्यावं का?" माझं शिक्षण इलेक्ट्रिकलचं, नोकरी यंत्रांच्या देखभालीची. त्यामुळे फोरवेज, मिडरँड भागातल्या बऱ्याच मराठी घरांचे डीबी (डिस्ट्रिब्युशन बोर्ड) मी उघडून पाहिले आहेत. २०२२-२३ मध्ये इथे भारनियमन सहाव्या पायरीपर्यंत गेलं होतं आणि दोन-दोन, चार-चार तास लाइट दिवसातून अनेकदा जायची. मार्च २०२४ अखेरपासून ते दीर्घकाळ थांबलं. तरीही केबलचोरी आणि उपकेंद्रांतले बिघाड चालूच आहेत. दरही वाढतात. एस्कॉम या सरकारी वीज कंपनीच्या थेट ग्राहकांसाठी २०२३ मध्ये १८.६५ टक्के आणि २०२४ मध्ये १२.७४ टक्के वाढ झाली. म्हणून प्रश्न अजून संपलेला नाही. विचारणाऱ्यांना जे सांगत आले तेच इथे लिहिते.

१. आधी करार वाचा, मग छताकडे बघा.
किती वर्षं राहणार, यावर सगळं ठरतं. दोन-तीन वर्षांचं भाड्याचं घर असेल तर छतावर काही चढवू नका. छताला बोल्टने बसवलेलं पॅनल आणि भिंतीतून नेलेली वायर सहसा घराचा भाग मानली जाते, आणि घर सोडताना ती नेता येईल याची खात्री नसते. घरमालकाची लेखी संमती आणि "जाताना सिस्टिम कोणाची" हे कागदावर नसेल तर पैसे पाण्यात गेले म्हणून समजा. भाडेकरूने राउटरचा छोटा यूपीएस, बॅटरीवाले एलईडी दिवे आणि फार तर चाकांचं पोर्टेबल पॉवर स्टेशन घ्यावं. ही मंडळी तुमच्याबरोबर पुढच्या घरी येतात. पॅनलवर १५,००० रँडपर्यंतची २५ टक्के करसवलत फक्त १ मार्च २०२३ ते २९ फेब्रुवारी २०२४ या काळात पहिल्यांदा वापरात आलेल्या नव्या पॅनलांसाठी होती. तिचा हिशेब आजही दाखवणाऱ्या विक्रेत्याला नमस्कार करून बाहेर पडा.

२. सीओसीशिवाय इथे पान हलत नाही.
आपल्याकडे ओळखीचा वायरमन येतो, काम करतो, चहा पिऊन जातो. दक्षिण आफ्रिकेत घराच्या वायरिंगला सर्टिफिकेट ऑफ कम्प्लायन्स (सीओसी) लागतं. २००९ च्या विद्युत मांडणी नियमांनुसार ते देण्याचा अधिकार नोंदणीकृत व्यक्तीलाच आहे. मूळ वायरिंगमध्ये भर घातली, इन्व्हर्टर जोडला, तर त्या भागाचं नवं प्रमाणपत्र हवं. ते नसेल आणि आग लागली तर विमा कंपनी पहिला कागद तोच मागते. घर घेताना चावीबरोबर सीओसीची प्रत मागून घ्या.

स्वतःच्या हाताने करण्यासारखंही पुष्कळ आहे: प्लग बदलणं, दिवे लावणं, डीबीतल्या प्रत्येक ब्रेकरसमोर तो कशाचा ते लिहिणं, आणि महिन्यातून एकदा अर्थ लीकेजचं टेस्ट बटण दाबणं. पुण्यात आपण ज्याला आरसीसीबी म्हणतो तेच हे यंत्र. ३० मिलिअँपिअर गळती झाली की पडायला हवं. बटण दाबूनही ते पडलं नाही, तर त्याच दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

३. हिशेब वॅटचा नको, तासांचा करा.
कागद घ्या. राउटर १५ वॅट, पाच एलईडी दिवे ४० वॅट, लॅपटॉप ६०, टीव्ही ८०, चालू असताना फ्रिज सव्वाशेच्या आसपास. सगळं मिळून ३२० वॅट. चार तासांचे झाले जेमतेम १.३ युनिट. इथे घरोघरी दिसणारी ५ युनिटची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८० टक्के वापरली तरी ४ युनिट देते, म्हणजे एवढ्या वापराला रात्र सहज निघते. त्यात कोणी २ किलोवॅटची केटल लावली की ती एकटी या सगळ्याच्या सहापट वीज ओढते. केटल, इस्त्री, हेअर ड्रायर आणि हीटर बॅटरीवर चालवायचे नाहीत, हा नियम घरातल्या सगळ्यांना, पाहुण्यांनासुद्धा, सांगून ठेवा.

भारतातल्या सवयीने ट्युब्युलर लेड-ॲसिड बॅटरी घेऊ नका. तिची निम्मीच क्षमता वापरायची असते, आणि पुन्हा पूर्ण चार्ज व्हायला बरेच तास लागतात. लाइट दिवसातून तीनदा जाणार असेल तर ती कधीच पूर्ण भरत नाही. प्लेटांवर सल्फेट साचतं आणि बॅटरी अवेळी जाते.

४. पैसा गीझरमध्ये जातो.
याविषयी मी जरा जास्त बोलते, कारण सोलरच्या नादात सगळे हेच विसरतात. इथला गीझर छताच्या आत असतो. तो सहसा १५० लिटरचा असतो, त्यात ३ किलोवॅटची कॉइल असते आणि तो चोवीस तास चालू ठेवलेला असतो. जुलैत १५ अंशांचं पाणी ६० अंशांवर न्यायला जवळजवळ ८ युनिट लागतात. एवढ्या विजेत वरच्या यादीतलं सगळं घर पूर्ण दिवस चालतं. म्हणून पॅनलच्या आधी गीझरला टायमर बसवून घ्या, टाकीवर ब्लँकेट गुंडाळा आणि उघड्या गरम पाइपांवर फोमची नळी चढवा. फोम आणि ब्लँकेट गीझरचा ब्रेकर पाडून स्वतः करता येतं. टायमर मात्र इलेक्ट्रिशियनकडून. पॅनल असतील तर टायमर सकाळी ११ ते दुपारी २ वर लावा, म्हणजे बॅटरी भरल्यावर उरलेलं ऊन पाण्यात साठतं. थर्मोस्टॅट ६० अंशांच्या फार खाली आणू नका. कोमट टाकीत लेजिओनेला जंतू वाढतात.

पुण्याच्या गच्चीवर असतो तसा काचनळ्यांचा सोलर हीटर इथे तसाच चालत नाही. हिवाळ्यात पहाटे तापमान शून्याखाली जातं आणि पाइपांतलं पाणी गोठून ते फुटतात. अँटिफ्रीझ द्रव वेगळ्या मार्गाने फिरवणारी सिस्टिमच मागा.

५. मिक्सर आणा, पण प्लग बघून.
व्होल्टेज २३०, फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झ, दोन्ही भारतासारखीच. त्यामुळे मिक्सर, इस्त्री बिनधास्त चालते. आपला गीझर-एसीचा जाड १६ अँपिअरचा तीन पिनी प्लग इथल्या जुन्या सॉकेटमध्ये बसतो, मिक्सरचा बारीक प्लग मात्र बसत नाही. अडॅप्टरवर अडॅप्टर चढवण्यापेक्षा प्लगच बदला. त्यासाठी रंग पाठ हवेत: यंत्राच्या लवचीक वायरीत तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. भिंतीतल्या वायरिंगमध्ये लाल फेज आणि काळी न्यूट्रल असते. आणखी एक. ब्रिटनसारखा या प्लगमध्ये फ्यूज नसतो. एका एक्स्टेन्शनवर हीटर आणि केटल लावली तर डीबीतला २० अँपिअरचा ब्रेकर पडण्याआधी बारीक वायर तापून वितळू शकते.

६. मेन पाडला म्हणजे वीज गेली असं नाही.
इथले एक वयस्क इलेक्ट्रिशियन आमच्याकडे काम करायला आले तेव्हा मी शेजारी उभी राहून पाहत होते. ब्रेकर पाडल्यावर त्यांनी टेस्टर आधी चालू सॉकेटला लावला, दिवा लागला. मग ज्या वायरीवर काम होतं तिला लावला, दिवा नाही. मग पुन्हा चालू सॉकेटला, दिवा लागला. मधल्या क्षणी टेस्टरच बिघडला नाही, हे पक्कं झाल्यावरच त्यांनी पकड हातात घेतली. हे तीन टप्पे माझ्या मुलाला मी शिकवले आहेत.

इन्व्हर्टर असलेल्या घरात हे जास्तच लागतं, कारण मेन बंद असला तरी बॅटरी काही सर्किटांना वीज देत राहते. छतावर तर ब्रेकरच नसतो. आठ पॅनल एका साखळीत जोडले की दिवसाउजेडी ३०० ते ४०० व्होल्ट डीसी तयार असतो. करंट वाहत असताना त्यांची जोडणी ओढून काढली तर ठिणगी विझत नाही, जळत राहते. पॅनल धुवा, तेही सकाळी, काच थंड असताना. जोडण्यांना हात लावू नका.

बसवणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा: ग्रिड गेल्यावर इन्व्हर्टर न्यूट्रल आणि अर्थ आपोआप जोडतो का? तो जोड नसेल तर टेस्ट बटणाने अर्थ लीकेज पडेलही, पण माणसाला खरा धक्का बसताना पडेलच याची खात्री नसते.

७. पॅनलची तोंडं उत्तरेला.
महाराष्ट्रात पॅनल दक्षिणेकडे बघतात. जोहान्सबर्ग २६ अंश दक्षिणेला, मकरवृत्ताच्याही खाली आहे, म्हणून दुपारचा सूर्य इथे वर्षभर उत्तरेलाच असतो. २१ जूनला तर तो दुपारीही क्षितिजापासून ४० अंशांवरच येतो. उत्तरेकडच्या ३ मीटर भिंतीची सावली साडेतीन मीटर पडते. म्हणून छत हिवाळ्यात बघून घ्या. इथला हिवाळा कोरडा आणि निरभ्र, पॅनलही थंड राहतात. त्यामुळे दिवस लहान असूनही वीज चांगली मिळते. केपटाउनला पाऊस हिवाळ्यात पडतो, तिथल्या मित्राचे आकडे तुमच्या घराला लावू नका.

८. प्रीपेड मीटरचा स्वभाव ओळखा.
वीस आकडी टोकन टाकायची सवय लवकर होते. पण जुना प्रीपेड मीटर उलटी जाणारी वीज ओळखत नाही. तुमच्या पॅनलची वीज बाहेर गेली तर तो ट्रिप होतो, नाहीतर तुमचेच युनिट कापतो. इन्व्हर्टरला सीटी (करंट मोजणारा सेन्सर) लावून निर्यात शून्यावर ठेवा आणि सिस्टिमची महापालिकेकडे नोंद करा.

९. वीज आकाशातूनही येते.
ऑक्टोबर ते मार्च दुपारची वादळं हायव्हेल्डवर, म्हणजे जोहान्सबर्गच्या पठारावर, नेमाने येतात. डीबीत सर्ज प्रोटेक्टर बसवा. त्याच्या खिडकीतला रंग हिरव्याचा लाल झाला की तो संपला, बदला. लाइट गेली की टीव्ही आणि राउटरचे प्लग काढा. ती परत आल्यावर फ्रिजला पाच मिनिटं थांबू द्या.

१०. जाताना घर शहाणं करून जा.
आपल्यापैकी बरेच जण तीन-पाच वर्षांनी परततात किंवा दुसऱ्या देशात जातात, आणि घरात दुसरं कुटुंब येतं. त्यांना सिस्टिम कशी बंद करायची हे माहीत नसतं. माझी एक विनंती आहे: डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत बंद करण्याचा क्रम चिकटवा. बसवणाऱ्याने दिलेला क्रमच लिहा. बॅटरी आणि पॅनलचे डीसी स्विच कुठे आहेत त्याचा फोटो, सीओसीची प्रत आणि इन्व्हर्टरचा पासवर्ड एका फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल घरमालकाच्या हातात देऊनच चावी परत करा.