ताटातला विवेक

जमिनीच्या फेरफाराची नोंद किंवा एखादा दाखला यांसाठी ताम्हिणीच्या बाजूच्या गावांतून पौडच्या मामलेदार कचेरीत येणारी माणसे सकाळी चहा-बिस्किटांवर घर सोडतात, काम लांबले की रस्त्याकडेच्या गाडीवर वडापाव खातात, आणि दिवसभराची भूक रात्री उशिरा भाताच्या एका मोठ्या ताटावर भागवून तशीच अंथरुणावर पडतात. एखाद्या दिवसापुरते शरीर हे निमूट सोसते. परंतु पिरंगुटच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या आणि हिंजवडीत संगणकासमोर बसणाऱ्या आपल्या तरुणांचा हाच नित्यक्रम होऊन बसला आहे, आणि पूर्वी साठीत दिसणारे मधुमेह व रक्तदाब हे विकार आज पस्तिशीतल्या माणसांत आढळू लागले आहेत, ही हकीकत मला गंभीरपणे आपणापुढे मांडावयाची आहे.

ही सारी गावे ज्यात येतात तो पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका हा भाताचा मुलूख. जी भातखाचरे धरणाच्या पाण्याखाली जाऊ नयेत म्हणून सेनापती बापटांनी १९२१ साली सत्याग्रह केला, त्या खाचरांत राब भाजण्यापासून चिखलणी, आवणी आणि झोडणीपर्यंत राबणाऱ्या माणसाने पोटभर भात खाल्ला तरी त्याचे श्रमच तो पचवीत; शिवाय त्या हातसडीच्या भाताच्या जोडीला वरकस जमिनीतील नाचणीची भाकरी, कुळथाचे कालवण आणि पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी यांसारख्या रानभाज्या असत. त्या काळी सर्वांना पुरेसे अन्न मिळत होते असे नव्हे. पण जे मिळे त्याचा आणि श्रमाचा मेळ होता. पुढे अनेकांच्या जमिनी विकल्या गेल्या, चालणे गाडीने थांबविले, श्रम उणावले. भात मात्र तेवढाच राहिला, आणि तोही गिरणीतून पांढराशुभ्र होऊन येताना कोंड्याबरोबर आपले तंतू व ब-जीवनसत्त्वे गमावून बसला.

यात भर पडते ती आपल्या देहाच्या जन्मजात घडणीची. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व अपत्ये यांची जी दीर्घ पाहणी चालविली, तीत असे दिसून आले की, येथील पूर्ण दिवसांच्या बालकाचे जन्मावेळचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकाचे ३.५ किलो असूनही, आपल्या बालकाच्या अंगी स्नायू थोडे आणि चरबी मात्र तुलनेने अधिक असते. म्हणजे दिसण्यात किरकोळ असलेला मनुष्यही पोटात व यकृतात चरबी साठवून असू शकतो, आणि ती वाढली की इन्शुलिनचे कार्य मंदावते. तेव्हा ‘मी कुठे लठ्ठ आहे?’ या समाधानावर कोणी विसंबू नये. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरांहून व स्त्रीची ८० सेंटिमीटरांहून अधिक भरली, तर वजन काहीही असो, तो इशारा समजावा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत आणि आणखी सुमारे १३.६ कोटी त्या व्याधीच्या उंबरठ्यावर आहेत.

तीन जिन्नसांविषयी विशेष खबरदारी घ्यावी. पहिला साखर: थंड पेयाच्या ३०० मिलिलिटरच्या एका बाटलीत सहा-सात चमचे साखर असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहणे उत्तम. दुसरा मीठ: स्वयंपाक, लोणचे, पापड, फरसाण, वेफर्स हे सारे धरून दिवसाकाठी ५ ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा, ही मर्यादा आहे, तिचे नित्य उल्लंघन रक्तदाब वाढविते, आणि तो कोणतीही वेदना न देता मूत्रपिंडे, हृदय व मेंदू यांच्या रक्तवाहिन्यांची हानी करीत राहतो. तिसरा जिन्नस वारंवार तापविलेले तेल: काळसर, फेसाळ झालेल्या तेलात अपायकारक संयुगे वाढत जातात, म्हणूनच सरकारने अशा तेलाच्या वापरावर कायद्याने मर्यादा घातली आहे. कढईतले तेल असे दिसले तर तेथील तळण घेऊ नये, हे उत्तम.

आता इलाज. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसाच्या दिवसाच्या आहारात ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे व ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये असावीत, आणि एकूण उष्मांकांपैकी धान्यांचा वाटा ४५ टक्क्यांवर जाऊ नये. आपल्या घरच्या भाषेत सांगावयाचे तर अर्धे ताट भाजीने व कोशिंबिरीने भरावे, पाव भागात आमटी, उसळ, अंडे वा मासळी असावी, आणि उरलेल्या पाव भागात भात किंवा भाकरी. एका वेळचा भात वगळून नाचणीची वा ज्वारीची भाकरी घ्यावी. कामानिमित्त बाहेर पडताना भाकरी-भाजीचा डबा किंवा मूठभर शेंगदाणे-फुटाणे सोबत न्यावेत. रात्रीचे जेवण निजण्यापूर्वी दोन-तीन तास आटोपावे आणि जेवताना दूरचित्रवाणी व मोबाईल बंद ठेवावेत, कारण लक्ष दुसरीकडे असले की तृप्ती वेळेवर कळत नाही. मधुमेहाच्या गोळ्या वा इन्शुलिन घेणाऱ्यांनी मात्र वैद्यकीय सल्ल्यावाचून उपवास करू नये किंवा आहारात एकाएकी मोठा फरक करू नये.

घरातील गर्भवती स्त्रीच्या ताटाची तजवीज सर्वांआधी करावी. पुण्याजवळच्या खेड्यांतील ज्या पाहणीचा वर उल्लेख केला, तीतच पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा घेणाऱ्या मातांची बालके अधिक वजनाची आढळली होती. सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेसुरले तिने खावे, ही रूढी त्वरित मोडली पाहिजे, कारण तिच्या उपासमारीचा परिणाम पुढच्या पिढीच्या देहात उतरतो.

अखेरीस एवढीच विनंती की, तिशी उलटलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात रक्तदाब व रक्तातील साखर तपासून घ्यावी, आणि व्याधी आढळण्याची वाट न पाहता आजच्याच जेवणापासून भाताची एक वाटी कमी करून भाजीची एक वाटी अधिक घ्यावी.