दिवसा चालू, रात्री बंद : सीसीटीव्हीच्या वायरीतला हिशोब

सीसीटीव्हीची एक तक्रार तुमच्या कानावर कधी ना कधी आलीच असेल. गेटवरचा कॅमेरा दिवसभर झकास दिसतो, संध्याकाळी सात-साडेसात झाले की चित्र जातं. मिनिटभराने येतं, पुन्हा जातं. सकाळी उजाडलं की सगळं ठीक. बसवणारा माणूस येतो दुपारी, त्यामुळे त्याला काहीच सापडत नाही. मग 'कॅमेराच फॉल्टी आहे' असं ठरवून नवीन कॅमेरा लावला जातो आणि तोही पहिल्याच रात्री तसाच वागतो. आपण इंजिनिअरिंगला आहोत म्हटल्यावर शेजारचे काका आपल्याकडेच बघणार! रात्रीसाठी घेतलेला कॅमेरा रात्रीच आंधळा होत असेल तर पैसे पाण्यातच गेले की.

गंमत म्हणजे या तक्रारीचं उत्तर सेकंड इयरच्या नेटवर्क थिअरीत आहे. मॅक्झिमम पॉवर ट्रान्सफर थिअरम आपण ओरलपुरता पाठ करतो आणि सोडून देतो. तो इथे गेटवर उभा असतो.

आधी जोडणी समजून घेऊ. हल्लीचा आयपी कॅमेरा म्हणजे लेन्स लावलेला छोटा कॉम्प्युटरच. तो चित्र कॉम्प्रेस करून साध्या लॅन केबलवरून रेकॉर्डरकडे, म्हणजे एनव्हीआरकडे पाठवतो. कॅट-५ई केबलमध्ये आठ तारा, म्हणजे पिळलेल्या चार जोड्या असतात. कॅमेऱ्याला १०० एमबीपीएस पुरेसे होतात आणि त्याला केशरी आणि हिरवी अशा दोनच जोड्या लागतात. निळी आणि तपकिरी जोडी मोकळी राहते. तेव्हा बरेच जण काय करतात, तर बाजारात मिळणारा साधा स्प्लिटर लावून या मोकळ्या जोड्यांमधून १२ व्होल्ट सोडतात. निळ्या जोडीवर प्लस, तपकिरीवर मायनस. स्वस्तात काम, वेगळी पॉवरची वायर ओढायला नको.

आता हिशोब. समजा एनव्हीआर वरच्या मजल्यावरच्या खोलीत आहे. गेट हवाई अंतराने वीसच मीटरवर, पण वायर जिन्यातून खाली उतरून कंपाउंडच्या भिंतीने फिरून जाते, ती भरते ५० मीटर. २४ गेजच्या तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स मीटरला साधारण ०.०८४ ओहम. दोन तारा पॅरलल, जाऊन-येऊन एकूण ४.२ ओहम. कॅमेरा दिवसा ३ वॅट घेतो. अंधार पडला की त्याचे इन्फ्रारेड एलईडी लागतात आणि तो ७ वॅटवर जातो. हे आकडे कॅमेऱ्यागणिक बदलतील, पण रात्री दुप्पट किंवा त्याहून जास्त हे प्रमाण नेहमीचंच.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कॅमेऱ्याच्या आत स्विचिंग रेग्युलेटर असतो. तो बल्बसारखा वागत नाही. व्होल्टेज कमी झालं तर बल्ब मंद होतो आणि करंट कमी घेतो. रेग्युलेटरला मात्र आपले ७ वॅट हवेच असतात, त्यामुळे व्होल्टेज पडलं की तो करंट जास्त ओढतो. करंट वाढला की वायरीतला ड्रॉप वाढतो, म्हणजे व्होल्टेज आणखी पडतं. म्हणून साधा ओहमचा नियम लावून मोकळं होता येत नाही, क्वाड्रॅटिक सोडवावं लागतं : ४.२ आय² − १२ आय + ७ = ०. उत्तर येतं ०.८२ अँपिअर आणि कॅमेऱ्यापाशी उरतात जेमतेम ८.६ व्होल्ट. १२ व्होल्टच्या कॅमेऱ्याला हे चालेल की नाही हे नशिबावर. वायरीतच २.८ वॅट जळतात ते वेगळेच.

बरं, हे झालं शुद्ध तांब्याचं. बाजारात जी स्वस्त केबल मिळते ती बहुतेकदा सीसीए असते. आत ॲल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. तिचा रेझिस्टन्स तांब्याच्या साधारण दीडपटीहून थोडा जास्त, म्हणजे आपल्या ५० मीटरला ६.५ ओहम धरा. आता तोच थिअरम लावा. १२ व्होल्टच्या सोर्सला ६.५ ओहमची वायर जोडली तर पलीकडे जास्तीत जास्त किती पॉवर पोचेल? व्होल्टेजचा वर्ग भागिले चार गुणिले रेझिस्टन्स, म्हणजे १४४ भागिले २६, साडेपाच वॅट. कॅमेऱ्याला हवेत सात! क्वाड्रॅटिकचं रियल उत्तरच नाही. जे गणितात सुटत नाही ते गेटवर तरी कसं चालणार?

दिवसाचे ३ वॅट मात्र याच वायरीतून आरामात जातात, कॅमेऱ्यापाशी १० व्होल्ट मिळतात. अंधार पडतो, आतला फिल्टर 'टक्' करून सरकतो, एलईडी लागतात, व्होल्टेज कोसळतं, कॅमेरा रीसेट होतो. रीसेट झाला की एलईडी बंद, व्होल्टेज परत वर. कॅमेरा बूट होतो, अंधार बघतो, पुन्हा 'टक्'. रात्रभर हाच खेळ. आणि तपासायला आलेला माणूस कॅमेऱ्याची पिन काढून तिच्यावर मल्टिमीटर लावतो तेव्हा पूर्ण १२ व्होल्ट दिसतात, कारण लोडच काढलेला आहे, करंट नाही तर ड्रॉप कुठला? हा मुद्दा एवढ्यासाठी सांगितला की बिचाऱ्या कॅमेऱ्यावर उगाच आळ येतो.

उपाय सोपा आहे, व्होल्टेज वाढवा. महापारेषणच्या लाइनी ४०० केव्हीवर का चालतात, तेच कारण. पॉवर तेवढीच ठेवून व्होल्टेज चौपट केलं की करंट चौथाई, आणि वायरीतला लॉस सोळावा हिस्सा. आपल्या उदाहरणात तर फायदा सोळापटीहून मोठा, कारण १२ व्होल्टवर करंट आधीच फुगलेला होता. त्याच तांब्याच्या वायरीवर ४८ व्होल्ट सोडले तर करंट ०.१५ अँपिअर, ड्रॉप सव्वासहाशे मिलिव्होल्टच्या आसपास आणि लॉस ०.०९ वॅट. कुठे २.८ आणि कुठे ०.०९!

यालाच पॉवर ओव्हर इथरनेट, थोडक्यात पीओई म्हणतात. ४८ व्होल्टचा आकडा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पूर्वीपासून रुळलेला, आणि ६० व्होल्ट डीसीच्या आत असल्याने हाताळायला सुरक्षित. आयईईईचं पहिलं स्टँडर्ड ८०२.३एएफ २००३ साली आलं. त्यात स्विचच्या पोर्टवर १५.४ वॅट आणि पलीकडच्या उपकरणाला १२.९५ वॅट असे विचित्र आकडे दिसतात. ते कुठून आले? १०० मीटरला २० ओहम हा वाईटात वाईट रेझिस्टन्स आणि ३५० मिलिअँपिअर करंट धरा. आय स्क्वेअर आर करा : २.४५ वॅट. १५.४ मधून वजा करा, १२.९५. पाठांतराची गरजच नाही. २००९ च्या ८०२.३एटीमध्ये ६०० मिलिअँपिअर आणि १२.५ ओहम घेऊन ३० वॅटचे २५.५ कसे होतात ते तुम्हीच करून बघा. २०१८ च्या ८०२.३बीटीमध्ये चारही जोड्या वापरून पोर्टवर ९० वॅटपर्यंत मजल गेली, पण घरच्या कॅमेऱ्याला त्याची गरज नाही.

आता प्रश्न असा की स्विचच्या पोर्टवर ४८ व्होल्ट असतील आणि कोणी त्यात लॅपटॉप लावला तर? इथेच या स्टँडर्डची खरी हुशारी आहे. पोर्ट सुरुवातीला फक्त २.७ ते १०.१ व्होल्टमधली दोन छोटी व्होल्टेजेस देऊन करंट मोजतो. पलीकडे २५ किलोओहमचा रेझिस्टन्स दिसला तरच 'आपला माणूस' म्हणून पुढे जातो. दोन व्होल्टेजेस का, एक का नाही? कारण कॅमेऱ्याच्या तोंडाशी डायोड ब्रिज असतो आणि त्याचा ड्रॉप मोजणीत शिरतो. दोन बिंदूंमधला फरक घेतला की डायोडचा ड्रॉप आपोआप कटतो, उरतो तो स्लोप. किती साधी युक्ती! त्यानंतर १५.५ ते २०.५ व्होल्टवर उपकरण ठरावीक करंट घेऊन आपला क्लास सांगतं, आणि मगच पूर्ण व्होल्टेज येतं. पुढेही उपकरणाने निदान १० मिलिअँपिअर घेत राहायला हवं. प्लग उपसला, करंट थांबला, की अर्ध्या सेकंदाच्या आत पोर्ट थंड.

लॅपटॉपच्या पोर्टमध्ये तो २५ किलोओहम नसतो, म्हणून तो वाचतो. पण बाजारात 'पॅसिव्ह पीओई' नावाचाही एक प्रकार आहे. त्यात हा संवादच नाही, २४ किंवा ४८ व्होल्ट कायम वायरीवर हजर. चुकीचं उपकरण लावलं की धूर. खोक्यावर नुसतं 'पीओई' लिहिलेलं पुरेसं मानू नका, ८०२.३एएफ किंवा एटी हे शब्द शोधा.

डेटा आणि पॉवर एकाच जोडीवर कसे नांदतात, हाही ओरलला हमखास येणारा प्रश्न. पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या सेंटर टॅपमधून आत येते. जोडीच्या दोन्ही तारांत करंट सारखा वाटला जातो, वाइंडिंगच्या दोन अर्ध्यांत तो उलट दिशांनी जातो आणि फ्लक्स एकमेकांना मारतात. कोअरला डीसीचा पत्ताच लागत नाही. पण क्रिंपिंग खराब असेल, एका तारेचा रेझिस्टन्स दुसरीपेक्षा जास्त झाला, तर हा तोल जातो, कोअर सॅच्युरेशनकडे सरकतो आणि पॉवर नीट असूनही डेटात एरर येतात. आरजे-४५ ची क्रिंपिंग हे फालतू काम नाही ते यासाठी.

खरेदीला गेलात तर स्विचचं बजेट बघा. आठ पोर्ट आहेत म्हणजे आठांना पूर्ण पॉवर मिळेल असं नाही. पाटीवर एकूण ६० वॅट लिहिलेत असं समजा. आपले चार कॅमेरे रात्री ७ वॅटचे, बेरीज २८, म्हणजे भरपूर जागा आहे असं वाटेल. पण क्लास २ ची मर्यादा ६.४९ वॅट, त्यामुळे हा कॅमेरा क्लास ३ मध्ये जातो आणि काही स्विच प्रत्येकासाठी १५.४ वॅट राखून ठेवतात. चौक ६१.६. झालं, चौथा कॅमेरा लागतच नाही! दुसरे स्विच प्रत्यक्ष करंट मोजून चालतात, त्यांना ही अडचण येत नाही. आपला स्विच कुठल्या जातीचा आहे हे डेटाशीटमध्ये सापडतं. बरेच सीसीटीव्हीवाले स्विच २५० मीटरचं 'एक्स्टेंड' बटण देतात. ते दाबलं की स्पीड १० एमबीपीएसवर येतो, फुकट काही मिळत नाही. नियमात राहायचं तर १०० मीटर.

केबल ओळखायला मल्टिमीटर पुरे. ३० मीटरचा तुकडा घ्या, एका टोकाला एका जोडीच्या दोन तारा जोडा, दुसऱ्या टोकाला मोजा. प्रोबचा स्वतःचा रेझिस्टन्स वजा करून पाच ओहमच्या आसपास आलं तर २४ गेजचं तांबं. आठच्या जवळ आलं तर सीसीए. घाई असेल तर ब्लेडने तार खरवडा, आत चांदीसारखा रंग दिसला की समजायचं. खरं सांगायचं तर ४८ व्होल्टवर सीसीए घरच्या अंतराला चालूनही जाते, म्हणूनच ती खपते. पण स्टँडर्डमध्ये ती बसत नाही, वाकवली की तुटते, आणि भिंतीत गाडलेली केबल काही परत परत बदलत नाही कोणी. कॅमेरा पाच-सात वर्षांनी बदलेल, केबल घराबरोबर राहील. पैसे वाचवायचेच तर कॅमेऱ्यात वाचवा.

आपल्याकडच्या पावसाचाही विचार हवा. गेटवरचा जोड उघडा राहिला तर पाणी आणि डीसी मिळून चक्क इलेक्ट्रोलिसिस होतं, प्लसची पिन हिरव्या कळंकाने खाऊन जाते. जोड डब्यात घ्या आणि केबलला डब्याखाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल. वळवाच्या विजांसाठी सर्ज प्रोटेक्टर, तोही नीट अर्थिंगला जोडलेला. आउटहाउस किंवा गोठा वेगळ्या मीटरवर, वेगळ्या अर्थिंगवर असेल तर तिथवर तांबं नेऊच नका, फायबर टाका.

पीओईचा एक मोठा फायदा बोलताना राहून जातो. सगळे कॅमेरे एका स्विचवर, म्हणजे बॅकअप एकाच जागी द्यायचा. स्विच, एनव्हीआर आणि राउटर मिळून ६० वॅट धरले तर ६०० व्हीएच्या छोट्या यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी कागदावर ८४ वॅट-अवर देते, प्रत्यक्षात अर्धा ते पाऊण तास. लाइट त्याहून जास्त वेळ जात असेल तर घरच्या इन्व्हर्टरवर घ्या, पण इन्व्हर्टर यूपीएस मोडवर आहे ना ते बघा. साध्या मोडमध्ये बदलायला इतका वेळ लागू शकतो की स्विच रीस्टार्ट होतो, आणि लाइट गेल्यानंतरची पहिली एक-दोन मिनिटं रेकॉर्डच होत नाहीत.

एक धोका वायरीचाच आहे. गेटवरचा कॅमेरा म्हणजे कंपाउंडबाहेर लटकणारा आपल्या घरच्या लॅनचा पोर्ट. कॅमेरा उपसून तिथे कोणी लॅपटॉप जोडला तर तो थेट घरात! म्हणून कॅमेऱ्यांचं नेटवर्क वेगळं ठेवा. एनव्हीआरच्या पाठीमागेच पीओई पोर्ट असतील तर तो बहुधा वेगळा सबनेट देतोच, नाहीतर व्हीलॅन करा. आणि कारखान्यातला पासवर्ड पहिल्या दिवशी बदला. २०१६ च्या 'मिराय' मालवेअरने असेच न बदललेले पासवर्ड वापरून जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, आणि त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांचा मारा 'डिन' कंपनीच्या डीएनएस सर्व्हरवर झाला तेव्हा ट्विटरसारख्या मोठमोठ्या साइट अमेरिकेत काही तास बंद पडल्या.

काकांच्या गेटवर जाल तर रात्रीची वाट बघत बसू नका. भर दुपारी कॅमेऱ्याच्या तोंडावर जाड काळं कापड गच्च बांधा. अंधार झाला असं समजून तो एलईडी लावेल. फिल्टरचा 'टक्' आवाज ऐका आणि कॅमेरा जोडलेला असतानाच स्प्लिटरपाशी व्होल्टेज मोजा. पीओई स्विच असेल आणि त्याला वेब पेज असेल तर प्रत्येक पोर्टचे वॅट तिथेच दिसतात. दहा मिनिटं तसंच राहू द्या. तेवढ्यात दुसरा 'टक्' आला नाही, तर वायर पास.