तीन मिनिटांचे गाणे

दोन ओळखीची माणसे रस्त्यात भेटली की एकमेकांना काय विचारतात? कोणी म्हणते, "कसे आहात?" कोणी म्हणते, "जेवण झालं का?" तुमच्या-माझ्या घरांत 'खैरियत' विचारतात. माझ्या लहानपणी मिरजेला आमच्या घरी दर रविवारी चार माणसे जमत. त्यांचा पहिला प्रश्न मात्र निराळाच असे.

"काय मग, सध्या काय ऐकताय?"

या चौघांपैकी एक म्हणजे माझे दादा. दादा म्हणजे वडिलांचे वडील. मराठी घरात थोरल्या भावाला 'दादा' म्हणतात, हे मला ठाऊक नव्हते. "आमच्या दादांना एकही दात नाही," असे मी एकदा शेजारच्या मुलींना सांगितले, तेव्हा त्या पोट धरधरून हसल्या होत्या. तुम्हीही मराठीत बोलताना जपून राहा!

दादा घड्याळे दुरुस्त करत. दुसरे होते निवृत्त पोस्टमास्तर. तिसरे दवाखान्यातले कंपाउंडर. चौथे तंबोरे तयार करणारे कारागीर. सांगली जिल्ह्यातले मिरज हे गाव सतार आणि तंबोरा या वाद्यांसाठी फार प्रसिद्ध आहे. या चौथ्या गृहस्थांना आम्ही मुले तंबोरेचाचा म्हणत असू. चौघांपैकी एकालाही गाता येत नव्हते. पण चौघेही पक्के दर्दी होते. उर्दूत 'दर्द' म्हणजे वेदना, हे तुम्हांला माहीत आहे. मराठीत मात्र गाण्यातला 'दर्दी' म्हणजे गाणे समजून, जीव लावून ऐकणारा माणूस. तुमची 'महफ़िल' मराठीत आली आणि 'मैफल' झाली, तसाच हा शब्दही येताना थोडा बदलला.

त्यांच्या मैफलीत गवई नसे. गवयाच्या जागी दादांचा जुना ग्रामोफोन असे. प्रत्येकाने घरून एक रेकॉर्ड कापडात गुंडाळून आणायची, ती सगळ्यांनी ऐकायची आणि सुई उचलेपर्यंत कोणी एक शब्दही बोलायचा नाही, असा नियम होता. सुई उचलली, की मग जी बोलाचाली सुरू होई, ती चहा थंड झाला तरी संपत नसे.

तुमच्यापैकी पुष्कळांनी रेकॉर्ड पाहिलीही नसेल. ती काळी, गोल, ताटलीसारखी असते. जुन्या रेकॉर्डी लाखेपासून बनवत. झाडावरचे लहान किडे जी लाख तयार करतात, तीच ही. बांगड्या आणि कागदावरची मोहर जिची करतात, तीच. लाखेत दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून ही तबकडी घडवत. त्यामुळे ती हातात जड लागे आणि पडली तर काचेसारखी फुटे. हे शेवटचे वाक्य ध्यानात ठेवा. ते मला पुढे लागणार आहे.

आता एक कोडे. रेकॉर्डच्या एका बाजूवर किती खाचा असतात? वर्गात विचारले तर कोणी शंभर म्हणते, कोणी हजार. खरे उत्तर आहे, एक! कडेपासून आत, मध्याकडे वळत वळत जाणारी एकच लांब खाच. सुई तिच्यातून चालते आणि खाचेतल्या सूक्ष्म वळणांमुळे थरथरते. ती थरथर पुढे एका पातळ पडद्यापर्यंत पोहोचते आणि कर्ण्यातून आवाज होऊन बाहेर पडते. ही तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते. दहा इंची रेकॉर्डची एक बाजू सुमारे तीन मिनिटांत संपते. फेऱ्यांचा गुणाकार तुम्हीच करून पाहा.

तीन मिनिटे! आपल्याकडचे गवई एकच राग तासभर गातात. सुरुवातीला हा खेळ त्यांना कसा वाटला असेल? नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहर जान या गायिकेचे गाणे रेकॉर्ड झाले, तेव्हा तिच्यासमोर मायक्रोफोन नव्हताच. एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून खड्या आवाजात गावे लागे. गाणे संपता संपता ती इंग्रजीत स्वतःचे नाव सांगते. तबकड्या दूर जर्मनीत छापल्या जात. कोणाचे गाणे कोणते, हे तिथल्या कामगारांना कळावे, म्हणून ही युक्ती. पुष्कळ मोठ्या गवयांनी तर या यंत्राकडे पाठच फिरवली. तासाचे गाणे तीन मिनिटांत कोंबणे त्यांना पटत नव्हते. त्यांचे काही चुकले, असे मला वाटत नाही. पण त्यामुळे काय घडले, तेही ऐका.

एका रविवारी कंपाउंडरकाकांनी केसरबाई केरकरांची रेकॉर्ड आणली. केसरबाई मूळच्या गोव्यातल्या केरी गावच्या. त्यांचा आवाज असा भरदार, की रेकॉर्ड संपली तरी खोलीत तो घुमतो आहे, असे मला वाटे. अमेरिकेने १९७७ साली 'व्हॉयेजर' नावाची दोन याने अवकाशात सोडली. त्यांत सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी ठेवली आहे आणि तिच्यात जगभरच्या संगीताबरोबर केसरबाईंची सुमारे साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. व्हॉयेजर-१ निघाले ५ सप्टेंबरला. त्यानंतर अकराच दिवसांनी केसरबाई वारल्या. आज ते यान पृथ्वीपासून २,४०० कोटी किलोमीटरहून दूर गेले आहे.

ही हकीगत कंपाउंडरकाकांनी मोठ्या अभिमानाने सांगितली. पोस्टमास्तरांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "शिष्येचा आवाज ताऱ्यांपर्यंत गेला. आणि गुरूचा? तो कोल्हापुरातसुद्धा ऐकायला मिळत नाही."

केसरबाईंचे गुरू म्हणजे उस्ताद अल्लादिया खाँ. कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या दरबारचे गायक. १९४६ साली ते वारले. रेकॉर्ड निघू लागल्यानंतरही चाळीसहून अधिक वर्षे ते होते. पण त्यांच्या गाण्याची एकही रेकॉर्ड निघाली नाही. ज्यांनी त्यांना ऐकले, तेही आता नाहीत. त्या दिवशी चौघेही बराच वेळ गप्प बसून राहिल्याचे मला आठवते. मी तेव्हा आठ वर्षांची होते. न ऐकलेल्या गाण्याचे माणसाला दुःख का व्हावे, हे मला कळले नाही.

पुढच्या रविवारी पोस्टमास्तरांनी आपली सर्वांत लाडकी रेकॉर्ड आणली. अब्दुल करीम खाँसाहेबांची, झिंझोटी रागातली ठुमरी. खाँसाहेब किराणा घराण्याचे. हे नाव ऐकून मला वाटे, की यांचे वाण्याचे दुकान असणार! पण किराणा म्हणजे उत्तर प्रदेशातले कैराना गाव. तिथे जन्मलेले खाँसाहेब पुढे मिरजेत स्थायिक झाले. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना एका रेल्वे स्टेशनवर त्यांचा मृत्यू झाला. त्यांचा मृतदेह मिरजेला आणला गेला आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केले. दरवर्षी तिथे त्यांच्या आठवणीत गाणेबजावणे होते.

सुई टेकली. आधी खरखर, मग त्या खरखरीतून वर येणारा बारीक, गोड, ताणलेल्या तारेसारखा आवाज. रेकॉर्ड संपताच तंबोरेचाचा म्हणाले, "यंत्र जलद फिरतंय. खाँसाहेबांची पट्टी उंच होती हे खरं, पण इतकी नाही."

"यंत्र माझं आहे आणि ते बरोबर आहे," दादा म्हणाले. घड्याळजीच्या यंत्राला नाव ठेवणे म्हणजे काय, तुम्हीच विचार करा!

तंबोरेचाचा काही न बोलता घरी गेले आणि तंबोरा घेऊन परत आले. रेकॉर्ड पुन्हा लावली. तंबोऱ्याच्या तारा तिच्या षड्जाशी जुळवताना त्या इतक्या ताणाव्या लागल्या, की तुटतील असे वाटले. दादांनी मुकाट्याने खिशातले घड्याळ काढले, तबकडीखाली कागदाची खूण अडकवली आणि एका मिनिटाचे फेरे मोजले. ब्याऐंशी भरले. मग त्यांनी वेगाचा स्क्रू किंचित फिरवला. कंपाउंडरकाकांनी आपला छोटा टेपरेकॉर्डर कर्ण्यासमोर ठेवला. तिसऱ्यांदा रेकॉर्ड लागली तेव्हा आवाज थोडा खाली आला होता, आणि किती निवांत झाला होता!

"याच ठुमरीनं गदगच्या एका मुलाला वेड लावलं," दादा म्हणाले. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. लहानपणी एका दुकानात वाजणारी ही रेकॉर्ड त्यांनी ऐकली. असे गाणे आपल्यालाही आले पाहिजे, या ध्यासाने अकराव्या वर्षी ते गुरूच्या शोधात घर सोडून निघाले. पुढे खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व हे त्यांना गुरू लाभले.

दादांना ती ठुमरी आणखी ऐकायची होती, म्हणून पोस्टमास्तरांनी रेकॉर्ड आठ दिवसांसाठी आमच्याकडे ठेवली. बुधवारी दुपारी दादा दुकानात होते. माझी मैत्रीण आली. "रेकॉर्डमध्ये आरशासारखं तोंड दिसतं," असे मी तिला सांगितले होते. दाखवायला म्हणून मी ती दोन्ही हातांनी बाहेर काढली. ती माझ्या अंदाजाहून जड होती. शहाबादी फरशीवर तिचे तीन तुकडे झाले.

संध्याकाळी दादांनी ते तुकडे त्याच कापडात बांधले आणि माझा हात धरून मला पोस्टमास्तरांकडे नेले. वाटेत ते एक अक्षर बोलले नाहीत. ते रागावले असते, तर बरे झाले असते. पोस्टमास्तरांनी तुकडे ओट्यावर एकमेकांना लावून पाहिले. "लग्न झालं त्या वर्षी घेतली होती," एवढेच ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "तुला कुठे लागलं नाही ना?"

पुढचे दोन रविवार ते आले नाहीत. ग्रामोफोन झाकलेलाच राहिला. मी तर त्या खोलीकडे फिरकतही नव्हते.

तिसऱ्या रविवारी कंपाउंडरकाका पोस्टमास्तरांना अक्षरशः ओढत घेऊन आले आणि त्यांनी टेपरेकॉर्डरचे बटण दाबले. तीच खरखर आणि तोच आवाज! मध्येच तंबोरेचाचांचा खोकला आणि बाहेर रस्त्यावर कोणाच्या तरी सायकलची घंटा. पोस्टमास्तर डोळे मिटून ऐकत होते. टेप थांबली तेव्हा म्हणाले, "गाणं आहे. माझी रेकॉर्ड नाही ही, पण गाणं आहे." थोड्या वेळाने त्यांनी दादांना विचारले, "बरं, तुम्ही सध्या काय ऐकताय?" तेव्हा कुठे मी आत जाऊन चहाचे कप ठेवले.

मोठी झाल्यावर मला कळले, की अशी माणसे ठिकठिकाणी आहेत. १९९० साली मुंबईत जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्यांची 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था स्थापन झाली. आपल्याजवळच्या रेकॉर्डी एकमेकांना ऐकवायच्या आणि त्यांची माहिती 'द रेकॉर्ड न्यूज' या नियतकालिकातून छापायची, असे काम तिने केले. कोणाकडे एक बाजू चांगली असते, तर कोणाकडे दुसरी. एकाला गवयाचे नाव ठाऊक असते, दुसऱ्याला साल. एकट्याच्या कपाटातल्या रेकॉर्डीला असा जोड मिळत नाही.

आज माझे दादा नाहीत, त्यांचे मित्रही नाहीत. ती ठुमरी आता मोबाइलवर सहज मिळते. खरखर काढून टाकलेली, अगदी स्वच्छ. तरीही वर्गात मी कंपाउंडरकाकांच्या त्या टेपची नक्कल ऐकवते. तंबोरेचाचांचा खोकला आला की मुले हसतात, मग हळूहळू गप्प होतात. गाणे संपते, सुई उचलल्याचा 'खट्' असा आवाज येतो, आणि एक लहान मुलगी विचारते, "झालं?"

"टीचर, ही कोण?" असे मुले दरवर्षी विचारतात. तीन दिवसांनी ही रेकॉर्ड फोडणारी मुलगी, असे मी सांगते.