पुडी फोडायच्या आधी

दादाची कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, ठरली म्हणालीस आणि पाठोपाठ तिच्या तयारीच्या व्हिडिओंच्या लिंकाही पाठवल्यास. पाहिले मी सगळे, वाईट नाहीत. पण पोरी, व्हिडिओ कसा आहे यापेक्षा तो कुणी पाहायचा आणि कधी, हे जास्त महत्त्वाचं. एंडोस्कोपीच्या खोलीत नोकरी केली तेव्हा मी हेच बघत आले. माणूस आदल्या संध्याकाळी पोट साफ करायच्या औषधाची पुडी हातात घेतो आणि मग माहिती वाचायला बसतो. तोवर वाचून करण्यासारखं निम्मं हातून निसटलेलं असतं.

म्हणून आजच दादाचा गोळ्यांचा डबा उघड. लोहाची गोळी चालू असेल तर ती पाच ते सात दिवस आधी थांबवतात, कारण तिने मळ काळा आणि चिकट होतो, आतड्याला धरून बसतो. इसबगोलही तेव्हाच बंद. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांना मात्र स्वतःच्या मनाने हात लावायचा नाही. ॲस्पिरिन बहुतेक वेळा चालूच ठेवतात. क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन असेल तर काही दिवस आधी थांबवायचं की नाही, हे हृदयाचे डॉक्टर आणि तपासणी करणारे डॉक्टर मिळून ठरवतात. स्टेंट घातलेल्या माणसाची गोळी कुणाच्या फॉरवर्ड मेसेजवरून बंद झाली तर जिवावर बेतू शकतं. तो फोन आज व्हायला हवा, आदल्या रात्री डॉक्टर सापडत नाहीत.

मधुमेहाच्या गोळ्यांचं तर व्हिडिओत एका वाक्यात उरकतात. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी शेवटी ‘फ्लोझिन’ असलेली गोळी असेल, तर ती साधारण तीन-चार दिवस आधी थांबवायला सांगतात. पोट रिकामं असताना ती घेतली तर साखर ठीक दिसत असूनही रक्तात आम्ल साठू शकतं. आठवड्याला एकदा घ्यायचं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन चालू असेल तर तेही सांगून ठेव, त्याने जठर उशिरा रिकामं होतं. इन्सुलिनचे आकडे डॉक्टरांकडून लिहूनच घे. आणि त्या रात्री साखर ७०च्या खाली गेली तर ‘तपासणी आहे ना’ म्हणून दादाला ताटकळत ठेवू नकोस. लगेच ग्लुकोजचं पाणी दे. ते पारदर्शक असतं, चालतं.

आता स्वयंपाकघर. व्हिडिओ पाहतेस तू आणि रांधते वहिनी, खरी गोची इथे आहे. तिला इंग्रजी व्हिडिओ दाखवू नकोस. मोठ्या अक्षरात मराठीत लिहून ओट्याजवळ कागद चिकटव. कुठे एक दिवस पथ्य सांगतात, कुठे तीन. दादाला जुनी बद्धकोष्ठता आहे, ती डॉक्टरांच्या कानावर घाल. अशा माणसाला कधी कधी जास्तीचं औषधही द्यावं लागतं. पथ्याचा अर्थ एवढाच की पोटात चोथा जाऊ द्यायचा नाही. पांढरा मऊ भात, मुगाच्या डाळीचं गाळलेलं वरण, इडली, साल काढून उकडलेला बटाटा, गाळलेलं ताक, अंडं, बिनमसाल्याचा मासा चालतो. भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, भेंडी, वांगं, पेरू, टोमॅटो, काकडी नको. आपल्या घरात तर प्रत्येक भांड्यात दाण्याचा कूट, खोबरं नाहीतर तीळ पडतोच. वहिनीने हात आखडता घ्यायचा तो इथे.

बियांवरून लोक हसतात, ‘एवढ्याशा तिळाने काय होतंय?’ मी सांगते काय होतं. दुर्बिणीच्या आत पाणी, गाळ ओढून घ्यायची जी वाट असते ती असते चार मिलिमीटरच्या आसपास. त्यात टोमॅटोचं साल आणि दोन-चार बिया गेल्या की ओढणं थांबतं. डॉक्टर बटण दाबून दाबून वैतागतात, आम्ही सिरिंजने पाणी मारून वाट मोकळी करायचो आणि रोगी तिकडे गुंगीत. वेळ जातो तो जातो, वर ज्या भिंतीवर गाळ पसरलाय तिथलं दिसतच नाही.

वहिनी म्हणेल, मग सरळ उपासच धरू, खिचडी टाकते साबुदाण्याची. तिथेच तिला थांबव. साबुदाणा एक वेळ सोड, त्यातले दाणे? भगरीबरोबरची दाण्याची आमटी? राजगिऱ्याचा लाडू, रताळ्याचा कीस? देवाच्या उपासाला चालतं ते आतड्याच्या तपासणीला चालत नाही. आदल्या दिवशी डॉक्टर ‘फक्त पातळ पदार्थ’ म्हणतात तेव्हा पेल्यातून पलीकडचं दिसेल असंच घ्यायचं. कोरा चहा, शहाळ्याचं गाळलेलं पाणी, गाळलेलं लिंबूसरबत, मुगाचं वरवरचं निवळ पाणी. दूध नाही, दुधाचा चहाही नाही. सब्जा घातलेलं सरबत नाही. कोकम सरबत, डाळिंबाचा रस, बीट यांना तर हातच लावायचा नाही. लाल रंग आत रक्तासारखा दिसतो.

तुझ्या त्या अमेरिकन व्हिडिओतलं जेलो आणि पॉप्सिकल विसर. तिकडच्या एका जुन्या पद्धतीत चार लिटर द्रावण पितात, ते ऐकूनच आपल्याकडची माणसं घाबरतात. इथे दुकानात पेगलेक म्हणून मिळणारी मोठी पुडी दोन लिटर पाण्यात कालवायची असते. वेगळ्या औषधाचं पाण्याचं माप वेगळं, वेळ वेगळी. म्हणून कुठलंही पान उघडलंस की आधी बघ, माहिती कुणाची, कधीची, कुठल्या औषधाची. डॉक्टरांच्या कागदाशी जुळली नाही तर कागद खरा. शेजाऱ्यांकडे उरलेली जुलाबाच्या औषधाची लहान बाटली वापरू नकोस. सोडियम फॉस्फेटच्या औषधाने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ सालीच तसा कडक इशारा दिला आहे. एरंडेल, त्रिफळाही या कामाला पुरे पडत नाहीत.

व्हिडिओने एक काम नक्की होतं, भीती जाते. २००० साली अमेरिकेत केटी कुरिक या वृत्तनिवेदिकेने स्वतःची तपासणी टीव्हीवर दाखवली. तिचा नवरा १९९८ साली आतड्याच्या कॅन्सरने गेला होता. त्यानंतर तिकडे ही तपासणी करून घेणारे वाढले, असं अभ्यासातही दिसलं. दादाला धीर द्यायला दाखव तसा एखादा, पण पोट साफ होण्याची हमी त्याच्यावर सोडू नकोस.

आता प्यायचं. एकदम पिऊन मोकळं व्हावं असं सगळ्यांना वाटतं. पण आता बहुतेक ठिकाणी औषध दोन भागांत देतात, अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं तपासणीच्या चार ते सहा तास आधी. अकराची वेळ असेल तर पहाटे पाचला उठवायचं. कारण असं की रात्री सगळं साफ झालं तरी लहान आतड्यातून पित्ताचा रस झिरपत राहतो आणि मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या उजव्या भागात त्याचा चिकट थर बसतो. चपटे पॉलिप, म्हणजे आतड्याच्या भिंतीवरच्या गाठी, नेमके तिथे दडतात, आणि काही पॉलिपांचाच वर्षानुवर्षांनी कॅन्सर होतो. पहाटेचा डोस तो थर धुतो. ‘झोपमोड नको’ म्हणून जो हा डोस टाळतो, त्याची सगळी तपासणी वाया जायची भीती.

द्रावण फ्रिजमध्ये गार कर, नळीने प्यायला दे. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक पेला. चव खारट-गुळचट, नको वाटणारी. मधे लिंबाची फोड चोखली तर चालतं, पण द्रावणात मनाने साखर, सरबताची पूड घालायची नाही. मळमळलं तर अर्धा तास थांबून मग हळूहळू पुढे. सारखी उलटी होत असेल, पोट फुगून दुखत असेल आणि शौचाला होतच नसेल, तर पिणं थांबव आणि हॉस्पिटलला फोन कर. तो नंबर आधीच घेऊन ठेव, रात्रीचा कोण उचलतं तेही विचार.

व्हिडिओत नसतं ते आता सांगते. तुमच्याकडे नळाला पाणी सकाळीच येतं, तेव्हा बादल्या, पिंप भरून ठेव. घरातला कमोड त्या रात्री दादाचा, बाकीच्यांनी दुसरीकडे जायचं. दार आतून कडी लावू देऊ नकोस. अंधारात घाईने उठून घसरणारे मी पुष्कळ पाहिलेत, तेव्हा वाटेतला दिवा रात्रभर चालू राहू दे आणि पायपुसणं काढून टाक. टॉयलेट पेपरने घासायचं नाही. कोमट पाणी, मऊ पंचाने टिपणं आणि पहिल्या फेरीच्या आधीच व्हॅसलीन. नंतर लावलं तर चरचरतं.

पुरेसं साफ झालं हे फेऱ्या मोजून कळत नाही. आतून येणारं पाणी लघवीसारखं पिवळट आणि स्वच्छ दिसलं, तळाला गाळ नाही, तर झालं. तपकिरी, गढूळ असेल तर निघायच्या आधी हॉस्पिटलला कळव. फोटो काढायला लाजू नकोस, तिथल्या सिस्टर रोज तेच बघतात. तपासणीच्या किमान दोन तास आधी पाणीसुद्धा बंद, आणि त्यांनी जास्त सांगितले असतील तर त्यांचं ऐकायचं. रक्तदाबाची गोळी बहुधा घोटभर पाण्याबरोबर सकाळी घेतात. लघवी वाढवणारी गोळी असेल तर ती घ्यायची का ते विचार.

गुंगीचं इंजेक्शन देतात, त्यामुळे दादाला त्या दिवशी स्कूटर नाही आणि बँकेच्या कागदावर सहीही नाही. तू जा सोबत. डॉक्टर जे सांगतील ते त्याच्या लक्षात राहणार नाही, तूच लिहून घे. तपासणीनंतर पोटात वायू धरतो, थोडं चाललं की जातो. पण पोटात जोराची कळ, ताप, किंवा पुष्कळ रक्त दिसलं तर घरी वाट बघत बसायचं नाही.

रिपोर्ट हातात आला की त्यात पोट किती साफ होतं याचा आकडा शोध. बोस्टन स्केल म्हणतात त्याला. आतड्याच्या तीन भागांना शून्य ते तीन गुण असतात, एकूण नऊ. प्रत्येक भागाला निदान दोन हवेत. आकडा नसेल तर विचार. तुकडा काढला असेल तर त्याचा रिपोर्ट कधी मिळेल आणि पुढची तपासणी किती वर्षांनी, हे लिहून घेतल्याशिवाय उठू नकोस. आणि त्याच कागदाच्या मागे लिही, कुठली पुडी दिली होती, कितव्या पेल्याला उलटी झाली, काय पचलं. पुढच्या वेळी डॉक्टर ते आधी विचारतात.